नॉर्डश्लाइफ इतकं अवघड का: इतिहास, रस्त्याचा स्वभाव आणि पहिला लॅप

प्रश्न तीन भागांत आहे. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतमार्गाच्या नॉर्डश्लाइफला एवढं नाव कशामुळे मिळालं, आजच्या सर्किटांहून ते वेगळं कसं, आणि आपली गाडी घेऊन तिथे एक लॅप मारायचा असेल तर आधी काय माहीत असावं?

तिन्हींचं उत्तर रस्त्याच्या आखणीत आहे. हा रस्ता आयफेलच्या डोंगरांच्या अंगाखांद्यावरून, जमीन जशी वरखाली जाते तसाच नेलेला आहे. त्यामुळे जागोजागी उंचवटे येतात. प्रत्येक उंचवटा पुढचं वळण झाकतो आणि त्याच ठिकाणी गाडी हलकी होऊन टायरवरचा भार कमी होतो. म्हणजे जिथे पुढचं दिसत नाही, नेमकी तिथेच पकड सर्वांत कमी असते. ७३ वळणं पाठ करणं हे मेहनतीचं काम आहे, पण जमतं. प्रत्येक वळणाआधी जमीन गाडीला उचलते की दाबते हे लक्षात राहायला खरा वेळ लागतो.

रस्ता असा का झाला

१९२० च्या दशकात आयफेलमध्ये शर्यती सार्वजनिक रस्त्यांवरून, गावांमधून होत. ते धोकादायक होतंच, शिवाय हा भाग गरीब आणि हाताला काम नसलेला. आडेनाउ जिल्ह्याचे प्रशासक डॉ. ओट्टो क्रॉयट्स यांनी कायमस्वरूपी शर्यतमार्गाची कल्पना पुढे रेटली. लोकांना रोजगार मिळेल आणि जर्मन मोटार कारखान्यांना गाड्या तपासायला डोंगरी रस्ता मिळेल, असा दुहेरी हेतू होता. २७ सप्टेंबर १९२५ ला पायाभरणी झाली आणि १८ जून १९२७ ला उद्घाटन. पहिल्या दिवशी मोटारसायकली धावल्या. दुसऱ्या दिवशीची मोटारींची शर्यत रुडॉल्फ काराचिओला यांनी मर्सिडीज-बेंझमधून जिंकली.

मूळ पूर्ण मार्ग २८.२६५ किलोमीटरचा होता. त्यात उत्तरेचा फेरा, म्हणजे नॉर्डश्लाइफ, २२.८१० किलोमीटर आणि दक्षिणेचा फेरा ७.७४७ किलोमीटर. बेरीज जास्त भरते, कारण स्टार्टजवळचा तुकडा दोन्ही फेऱ्यांत मोजला जातो. १९८० च्या दशकात तोच स्टार्टचा परिसर पाडून शेजारी नवं ग्रांप्री सर्किट बांधलं. १९८४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याची लांबी ४.५४२ किलोमीटर होती. त्या बदलात नॉर्डश्लाइफ २०.८३२ किलोमीटरवर आलं. आज आपण ज्यावर गाडी चालवतो ते हेच.

'गाड्या तपासायला रस्ता' हा मूळ हेतू विसरू नये. चढ, उतार, तीव्र वळणं, लांब सरळ पट्टा आणि खराब पृष्ठभाग हे सगळं एका फेऱ्यात मिळावं म्हणूनच तो आखला गेला. वेगवेगळे कारखाने आजही तिथे सस्पेन्शन आणि ब्रेक तपासतात ते याच कारणाने. सर्वांत खालचा भाग ब्राइडशाइडजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटरवर आहे आणि सर्वांत वरचा होहे आख्टच्या आसपास सुमारे ६२० मीटरवर. एका फेऱ्यात गाडी हा ३०० मीटरचा फरक उतरते आणि पुन्हा चढते.

काही शर्यती, ज्यांतून रस्ता कळतो

१९५७ ची जर्मन ग्रांप्री बारकाईने पाहण्यासारखी आहे. हुआन मॅन्युएल फान्जिओ यांनी मासेराती २५०एफमध्ये अर्धीच टाकी भरली, मऊ टायर घेतले आणि मध्ये एकदा थांबायचं ठरवलं. फेरारीचे माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स न थांबता पूर्ण शर्यत काढणार होते. २२ पैकी १२ व्या लॅपला फान्जिओ थांबले. थांबा लांबला, हातातली आघाडी गेली आणि ते बाहेर पडले तेव्हा पाऊण मिनिटाहून मागे होते. उरलेल्या लॅप्समध्ये त्यांनी विक्रम पुन्हा पुन्हा मोडला आणि तो ९ मिनिटं १७.४ सेकंदांपर्यंत आणला. स्वतःच्याच पात्रता फेरीतल्या वेळेपेक्षा हे ८ सेकंदांनी कमी. शेवटी ते ३.६ सेकंदांनी जिंकले आणि त्यांचं पाचवं विश्वविजेतेपद पक्कं झालं. छोट्या सर्किटवर एका लॅपमध्ये ८ सेकंद काढायला जागाच नसते. इथे ती असते, कारण प्रत्येक झाकलेल्या उंचवट्यावर चालक थोडा वेग हातचा राखून ठेवतो. फान्जिओंनी त्या दिवशी तो राखलेला वेग वापरला. आपण तो राखूनच ठेवायचा असतो.

१९६८ मध्ये दाट धुकं आणि पावसात जॅकी स्ट्यूअर्ट चार मिनिटांहून अधिक फरकाने जिंकले. नॉर्डश्लाइफला 'हिरवा नरक' हे नाव दिलं ते त्यांनीच. सुरक्षेसाठी सर्वांत मोठा आवाज उठवणारेही तेच होते, आणि या दोन गोष्टींत मला काही विसंगती दिसत नाही. १९७० मध्ये चालकांनी सुधारणा मागितल्या, त्या झाल्या नाहीत आणि शर्यत हॉकेनहाइमला गेली. १९७१ ला नॉर्डश्लाइफ सुधारून परतलं: काही उंचवटे छाटले, कडेची झुडपं काढली, लोखंडी कठडे बसवले. १९७५ मध्ये निकी लाउडा यांनी पात्रता फेरीत ६ मिनिटं ५८.६ सेकंदांची वेळ दिली. ७ मिनिटांच्या आत जाण्याची ती पहिलीच वेळ.

पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९७६ ला, बेर्गवेर्कच्या आधीच्या डाव्या वाकणावर लाउडांची फेरारी आदळून पेटली. त्यांना बाहेर काढलं ते मागून आलेल्या चालकांनी: आर्तुरो मेर्झारिओ, ब्रेट लंगर, गाय एडवर्ड्स आणि हाराल्ड एर्टल. लांब सर्किटचं मूळ दुखणं इथे दिसतं. जवळपास २३ किलोमीटरवर प्रत्येक ठिकाणी आग विझवणारी गाडी आणि प्रशिक्षित माणसं काही सेकंदांत पोहोचतील अशी व्यवस्था उभारणं जवळजवळ अशक्य. १९७७ पासून फॉर्म्युला वनची जर्मन ग्रांप्री हॉकेनहाइमला गेली आणि नॉर्डश्लाइफवर फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा झाली नाही. २४ तासांची शर्यत मात्र १९७० पासून आहे आणि आजही होते. त्या अपघाताच्या जागेला आता लाउडा-लिंक्स म्हणतात.

वेळा वाचताना होणारी गल्लत

नॉर्डश्लाइफच्या वेळांची तुलना करण्याआधी अंतर विचारा. लाउडांची वेळ तेव्हाच्या २२.८३५ किलोमीटरवरची आहे. १९८३ मध्ये स्टेफान बेलॉफ यांनी पोर्श ९५६ मधून दिलेले ६ मिनिटं ११.१३ सेकंद आणि २०१८ मध्ये टिमो बर्नहार्ड यांनी पोर्श ९१९ इव्होमधून दिलेले ५ मिनिटं १९.५४६ सेकंद हे दोन्ही २०.८३२ किलोमीटरवरचे. (९१९ इव्हो ही कुठल्याच शर्यतीच्या नियमांत न बसणारी, मुद्दाम मोकळी केलेली गाडी होती, हेही ध्यानात ठेवा.) कारखान्यांच्या जुन्या जाहिरातींतल्या वेळा बहुधा २०.६ किलोमीटरच्या असतात, कारण स्टार्टजवळचा छोटा सरळ तुकडा त्यात धरत नसत. २०१९ पासून अधिकृत वेळ पूर्ण २०.८३२ वर मोजतात. हौशी मंडळी आन्टोनिउसबूखंच्या पुलापासून शेवटच्या कमानीपर्यंत मोजतात, ते अंतर १९ किलोमीटरच्या आसपास येतं. २४ तासांच्या शर्यतीत ग्रांप्री सर्किटही जोडलेलं असतं, तेव्हा फेरा २५ किलोमीटरच्या वर जातो. सार्वजनिक फेऱ्यांमध्ये, म्हणजे कुणीही टोल भरून आपली गाडी चालवतो तेव्हा, वेळ मोजायला बंदी आहे आणि ती पाळावी.

जमीन काय करते

सगळी वळणं एकामागून एक सांगण्यात अर्थ नाही. चार जागा नीट समजल्या की बाकीच्यांचा नियम कळतो.

पहिली जागा फ्लुगप्लाट्स. तिथे पूर्वी ग्लायडरचं छोटं मैदान होतं, त्यावरून हे नाव. चढ संपतो, उंचवटा येतो आणि लगेच जोड उजवं वळण. उंचवट्यावर पुढची चाकं हलकी होतात. त्या क्षणी स्टिअरिंग वळवलेलं असेल तर गाडी आधी काहीच करत नाही. म्हणून नवशिका आणखी वळवतो. मग गाडी खाली बसते, टायरवर भार एकदम परततो आणि वळवलेली चाकं एकदम चावतात. पुढचं टोक आत झेपावतं आणि मागचं सुटतं. उपाय साधा आहे: वेग उंचवट्याच्या आधी कमी करायचा, उंचवट्यावरून चाकं सरळ ठेवून जायचं आणि गाडी खाली बसल्यावरच वळवायचं. २०१५ मध्ये एका शर्यतीत इथेच एक गाडी पुढून उचलली जाऊन कठड्यापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. त्यानंतर या भागातले उंचउतार सपाट केले, तरी वळणाचा स्वभाव बदललेला नाही.

दुसरी जागा फुक्सऱ्योरं ते आडेनाउअर फोर्स्ट. फुक्सऱ्योरं म्हणजे कोल्ह्याची नळी, आणि रस्ता खरंच नळीत सोडल्यासारखा खाली जातो. वरून पाहिलं तर बारीक वाकणं दिसतात, ती जवळजवळ सरळ कापता येतात. तळाशी गाडी जोरात दाबली जाते, सस्पेन्शन पूर्ण बसतं आणि खालून घासल्याचा आवाज येऊ शकतो. त्या दाबात ब्रेक किंवा झटक्याचं स्टिअरिंग नको. दाब सरला, चढ लागला की सरळ रेषेत ब्रेक. इथवर बहुतेकांना जमतं. फसगत पुढे होते. चढाच्या डोक्यावर एक सौम्य डावं वळण येतं आणि ते वेगाने घ्यावंसं वाटतं. त्याच्या पलीकडे, दृष्टीआड, आखूड डावं-उजवं जोडवळण असतं. पहिल्याच वळणात आत गेलेल्या चालकाला ते दिसतं तेव्हा गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला असते आणि तो सरळ गवतात जातो. प्रेक्षक इथे कॅमेरे घेऊन बसतात ते उगाच नाही. रस्त्याच्या उजव्या अंगाला राहा, मन आवरा, दुसरं डावं वळण पूर्ण दिसेपर्यंत आत शिरू नका.

तिसरी जागा कारुसेल. चढावरचं, आधी न दिसणारं, अर्ध्याहून जास्त वर्तुळ फिरणारं डावं वळण. आतल्या बाजूला काँक्रीटच्या फरशांचा तिरका पट्टा आहे, जणू अर्धी कढई. मूळ तो पाणी वाहून नेणारा चर. चालक त्यात चाक अडकवून जास्त वेगाने फिरू लागले, म्हणून तो पक्का केला गेला. पट्ट्यात उतरण्याआधी वेग पुरता कमी हवा, कारण उतरताना गाडी खाली आदळते आणि वेग जास्त असेल तर पुढची पट्टी फुटते. एकदा आत बसलं की स्टिअरिंग जवळजवळ स्थिर आणि अ‍ॅक्सिलरेटर हलका, पण सतत. फरशांच्या सांध्यांवर गाडी थडथडते, त्याने बिचकून पाय काढू नका. बाहेर पडायचं ते पट्टा संपण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन फरशांवर, स्टिअरिंग थोडं सैल सोडून. शेवटपर्यंत आत धरून ठेवलं तर पट्ट्याची कड गाडीला उजवीकडे भिरकावते. ओल्यात काँक्रीट आणि डांबर यांची पकड वेगळी असते. चारही चाकं एकाच पृष्ठभागावर असू द्या.

चौथी फ्लान्झगार्टन. उतारावरून उडी, मग दुसरा उंचवटा, आणि पुढे बेलॉफ यांच्या नावाचं जोडवळण. १९८३ च्या शर्यतीत आघाडीवर असताना बेलॉफ याच भागात आदळले. इथे ब्रेक उडीच्या आधी, सरळ गाडीत, आणि गाडी हलकी होण्याआधी पाय सोडलेला. चाकं हवेत असताना ब्रेक दाबलेला राहिला तर ती जवळजवळ थांबतात आणि जमिनीला टेकताना गाडी तिरकी होते.

याशिवाय दोन ठिकाणं वेगळ्या कारणाने महत्त्वाची. बेर्गवेर्क हे आखडत जाणारं उजवं वळण आहे आणि त्यानंतर केसेलशेनचा लांबलचक चढ लागतो. तिथे घाईने आत शिरून वेग हरवला तर पुढचा सगळा चढ त्याची किंमत मोजत जावं लागतं. तसंच गाल्गेनकोप्फ, ज्यानंतर डोटिंगर ह्योहंचा दोन किलोमीटरहून लांब सरळ पट्टा येतो. दोन्हीकडे उशिरा आत जा आणि बाहेर पडताना गाडी सरळ ठेवा. बाकी मेत्सगेसफेल्ड, विपरमान, एशबाख वगैरे भाग लय सापडली की आनंद देतात. ती लय पहिल्या दहा-वीस लॅप्समध्ये सापडत नाही.

गाडीची तयारी

इंजिनाच्या ताकदीची चिंता शेवटी करा. पहिली चिंता ब्रेकच्या तेलाची. आरेमबेर्गपासून ब्राइडशाइडपर्यंत रस्ता बहुतेक उतरतच जातो. या टप्प्यात आडेनाउअर फोर्स्ट, काल्लेनहार्ड आणि वेअरझाइफेन एकामागून एक येतात आणि ब्रेक थंड व्हायला मोकळा पट्टा मिळत नाही. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ या ब्रेक तेलाच्या प्रकारासाठी मानकाप्रमाणे किमान मर्यादा नव्या तेलाला २३० अंश सेल्सिअस, ओल शोषलेल्याला १५५; डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल मऊ होऊन तळाशी जातं. दोन वर्षं जुन्या तेलावर इथे येऊ नका. निघण्याआधी तेल बदला, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा आणि पॅडची जाडी निम्म्याहून कमी असेल तर पॅडही बदला.

पेडल लांब जाऊ लागलं तर त्यावर पंपाचे दोन-तीन हलके दाब देऊन पाहा, वेग उतरवा, उजवीकडे राहा आणि लॅप सावकाश संपवा. याउलट पेडल घट्ट राहून गाडी थांबत नसेल तर तेल ठीक आहे आणि पॅड तापलेत. दोन्हींवर त्या क्षणाचा उपाय एकच, वेग कमी करणं. पार्किंगला आल्यावरची दुरुस्ती मात्र वेगळी.

टायरमधला हवेचा दाब तापमानाच्या दर १० अंश वाढीमागे साधारण ०.१ बारने वाढतो. म्हणून एका लॅपनंतर, टायर गरम असताना दाब मोजा आणि कारखान्याने सांगितलेल्या थंड दाबापेक्षा ०.३-०.४ बारहून वर गेला असेल तरच थोडा सोडा. थंड टायरमध्ये आधीच खूप हवा काढून निघू नका, कारण पार्किंगमधून बाहेर पडल्यावर लवकरच हात्सेनबाखची डावी-उजवी मालिका लागते आणि तिथे टायर अजून थंडच असतात. चाकांचे नट गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या जोराला, टॉर्क पान्याने तपासा. केबिनमधून सुट्या वस्तू काढा. चालकाच्या पायाशी बाटली घरंगळत आली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, कुठेही गळती असेल तर गाडी आत नेऊच नका. मागच्याला ती दिसत नाही आणि त्याचे टायर त्यावर क्षणात सुटतात.

सार्वजनिक फेऱ्यांचे नियम आणि नेहमीच्या चुका

सार्वजनिक फेऱ्यांच्या वेळी नॉर्डश्लाइफ हा कायद्याने टोल भरून जायचा एकदिशा रस्ता असतो आणि जर्मनीचे वाहतूक नियम लागू असतात. वैध परवाना आणि नोंदणीकृत गाडी लागते, आवाजाची मर्यादा असते. ओलांडायचं फक्त डावीकडून. हळू गाडीने उजवीकडे राहायचं आणि मागून वेगवान गाडी आली की उजवा इंडिकेटर देऊन कळवायचं. विनाकारण थांबायचं नाही. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी आणि ओलांडणं बंद. पिवळ्यावर लाल पट्टे असतील तर रस्ता निसरडा.

नवख्याच्या बहुतेक अपघातांत वाटा आरशाचा असतो. केसेलशेनच्या चढावर साधी गाडी आणि शर्यतीच्या तोडीची गाडी यांच्या वेगात प्रचंड फरक पडतो. आरशात ठिपका दिसला आणि पुढच्या वळणात लक्ष गेलं, की ती गाडी दाराशी आलेली असते. प्रत्येक सरळ तुकड्यावर आरसा पाहा, वळणात नाही.

दुसरी चूक पावसाची. १९२७ पासून सगळेच हे शिकत आले आहेत: पार्किंगला ऊन असतं आणि होहे आख्टला पाऊस. २०१६ च्या २४ तासांच्या शर्यतीत पहिल्याच तासात गारांनी रस्त्याचा एक भाग पांढरा झाला, गाड्या एकावर एक घसरल्या आणि शर्यत थांबवावी लागली. ओल्या रस्त्यावर चाहत्यांनी डांबरावर रंगवलेली नावं साबणासारखी होतात. रंगावर ब्रेक नको, स्टिअरिंग नको.

तिसरी गोष्ट पैशांची. आधुनिक सर्किटवर चुकलात तर खडी किंवा मोकळं डांबर असतं. इथे बऱ्याच ठिकाणी रस्त्याची कड, थोडंसं गवत आणि लगेच कठडा. कठड्याची दुरुस्ती आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च चालकाकडून वसूल होतो. विम्याच्या बऱ्याच पॉलिसी इथलं नुकसान वगळतात आणि नेहमीच्या भाड्याच्या गाड्यांचे करार इथे येण्याला मनाई करतात, म्हणून कलमं आधी वाचा. सर्किटजवळ खास याच कामासाठी तयार केलेल्या गाड्या भाड्याने मिळतात. पहिल्या खेपेला तोच मार्ग शहाणपणाचा.

सिम्युलेटरवर सराव जरूर करा. लेझरने मोजलेल्या मार्गांवर वळणांचा क्रम आणि खुणा हुबेहूब असतात आणि दीड-दोनशे लॅप्सनंतर उंचवट्यापलीकडे काय आहे ते डोळे मिटूनही सांगता येतं. फक्त तिथे पोटात गोळा येत नाही, म्हणून वेग मात्र सिम्युलेटरवरून ठरवू नका. प्रत्यक्षात पहिले दोन लॅप प्रशिक्षकाशेजारी बसून करा, मग सहा-सात लॅप स्वतः, पण दोन-दोनच्या तुकड्यांत आणि मध्ये अर्धा तास विश्रांती घेऊन. थकलेला चालक बहुतेक वेळा शेवटच्या तिसऱ्या भागात, फ्लान्झगार्टन ते गाल्गेनकोप्फमध्ये चुकतो.

लॅपच्या शेवटी डोटिंगर ह्योहंच्या सरळ पट्ट्यावर पूर्ण वेगाने जाण्याचा मोह टाळा आणि उजवीकडे राहून ब्रेक, इंजिन आणि गिअरबॉक्स थंड होऊ द्या. पार्किंगला आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून राहिला तर त्याचा थर तिथेच चिकटतो आणि पुढच्या लॅपला पेडल थरथरतं. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडण लावा आणि टायर गरम आहेत तोवर दाब मोजून घ्या.